आधी कातडी, मग हाडं

डाव्या मडगार्डचा साचा उजव्या मडगार्डवरून निघत नाही, ही गोष्ट मला वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, नऊ किलो रेझिन खर्ची पडल्यावर कळली. आरशात डाव्याचं उजवं कसं दिसतं, हे मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला शिकवतो. तरी डोक्यात असा काही हिशेब बसला होता, की साचा उलटा असतो, तर उजव्याच्या उलट्या साच्यातून डावं निघेल. निघालं अर्थात उजवंच. उजवं मडगार्ड गाडीला आधीपासून होतं आणि धडधाकट होतं. मी ते दुसरं उजवं हातात धरून अंगणात उभा, आणि नाना ओट्यावरून बघतायत. ते काही बोलले नाहीत. आईनं मात्र विचारलं, "हाई आते कोठे लावशी?"

त्या प्रश्नातून हे पुस्तक सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही. जुन्या गाडीचा एखादा भाग फायबरमध्ये घरच्या घरी कसा करावा, एवढाच त्याचा विषय आहे. आकृत्या, मापं, कोष्टकं पुढच्या पानांवर येतील. इथं मला सांगायचंय ते थोडं वेगळं आहे. हे काम कुठल्या डोक्यानं करायचं आणि खान्देशात ते करताना कुठे ठेच लागते, ते.

गाडी नानांची. १९८४ची ॲम्बेसेडर, अमळनेरच्या एका कापूस व्यापाऱ्याकडून जुनी घेतलेली. ॲम्बेसेडरचा पत्रा जाड, असं सगळे म्हणतात आणि ते खरंही आहे, पण पुढच्या मडगार्डच्या आत, चाकाच्या मागच्या अंगाला, एक बेचकी आहे. चाकानं उडवलेला चिखल तिथं जाऊन बसतो. आपली काळी माती तर एकदा बसली की उठायचं नाव घेत नाही. पावसाळा सरला तरी आत ओल धरून ठेवते. पत्रा आतून सडत येतो, बाहेरून रंग शाबूत. मग एक दिवस धुताना बोट आरपार जातं. आमचं डावं मडगार्ड असंच गेलं. उत्तरपाड्याचा कारखाना २०१४ साली बंद पडला, त्यामुळे नवा भाग मिळण्याची गोष्टच नव्हती. मुंबईला कुर्ल्याच्या भंगारात एक डावं मडगार्ड सापडलं, ते आमच्यापेक्षा जास्त सडलेलं. पण त्याचा वरचा अर्धा भाग चांगला होता आणि आमच्याचा पुढचा. दोन मेलेल्यांतून एक जिवंत करायचं, असा तो मामला होता.

धुळ्यात डेंटरांची वाण नाही. आपलं गाव चौफुल्यांचं आहे. मुंबई-आग्रा रस्ता इथून जातो, सुरत-नागपूर रस्ता इथं त्याला छेदतो, सोलापूरचा रस्ता इथूनच फुटतो. ट्रक थांबणार तिथं गॅरेज निघणारच. चाळीसगाव चौफुलीला उभं राहून हाक मारली तर चार डेंटर, दोन वेल्डर आणि एक पेंटर सहज गोळा होतील. मी दोघांना गाडी दाखवली. दोघांनी एकच सांगितलं: सडलेला भाग कापा, पत्रा जोडा, वरून लांबी भरा. एकानं तर गंजावर फायबरची मॅट चिकटवून द्यायची तयारी दाखवली, म्हणे, पत्र्याला हातही लावायला नको. या शेवटच्या उपायाबद्दल पुस्तकात मी जरा तिखट लिहिलंय. साधं पॉलिस्टर रेझिन लोखंडाला धड धरत नाही, गंजलेल्याला तर मुळीच नाही. एक पावसाळा निघतो, दुसऱ्यात ती मलमपट्टी खपलीसारखी सुटते आणि खालचा पत्रा तोवर आणखी खाल्लेला असतो. फायबरचं नाव गॅरेजांतून बदनाम झालंय ते अशा कामांनी. फायबर हे ठिगळ नाही. करायचा तर अख्खा भाग त्याचा करा.

आता मूळ मुद्दा.

पत्र्याचं काम करणारा मिस्तरी आतून बाहेर येतो. आधी सांगाडा, मग पत्रा, मग ठोकापिटी, मग लांबी, मग प्रायमर, आणि सगळ्यात शेवटी रंग. चूक झाली तर पुढचा थर ती झाकतो. लांबीचा शोध त्यासाठीच लागलाय म्हणा ना. फायबरमध्ये हे सगळं उलटं. साच्याच्या आतल्या अंगाला पहिला थर लागतो तो जेलकोटचा, जेमतेम अर्धा मिलिमीटर. तोच उद्या गाडीवर लोकांना दिसणार. त्याच्या पाठीवर मॅट आणि रेझिन, थरावर थर, आणि सगळ्यात शेवटी आतल्या पट्ट्या, लोखंडी तुकडे, बोल्टांच्या जागा. आधी कातडी, मग मांस, मग हाडं. आणि काम चालू असताना कातडी तुम्हाला दिसत नाही. ती साच्याकडे तोंड करून बसलेली असते. साचा सुटेपर्यंत तिथं काय वाढून ठेवलंय ते कळत नाही.

म्हणून फायबरचा भाग चांगला होणार की वाईट, हे रेझिनचा डबा उघडण्याआधीच ठरलेलं असतं. साचा ज्याच्यावरून घ्यायचा त्या नमुन्यावर. मी कुर्ल्याचं आणि घरचं अशी दोन मडगार्ड कापून, जोडून, लांबी भरून एक नमुना केला. दिसायला झकास. हात फिरवला, गुळगुळीत. जळगावचे आबा ते बघायला आले (आबांची ओळख पुढे करून देतो), त्यांनी हात लावलाच नाही. म्हणाले, काळा रंग मारा, चकचकीत, आणि रात्री ट्यूबलाइट लावून बोलवा. रात्री त्यांनी नमुना ट्यूबखाली धरून हळूहळू कलता केला. ट्यूबची पांढरी रेघ मडगार्डच्या गोलाईवरून सरकत होती, आणि जोडाच्या जागी आली की अशी वळवळली की जणू पाण्यातला साप. दिवसा, मळकट रंगात, हाताला न लागलेले खळगे त्या रेघेनं एकेक करून दाखवले. पुढचे अकरा दिवस मी पाण्याच्या पेपरनं घासत होतो. ऐंशीनं सुरुवात, मग एकशेवीस, दोनशेचाळीस, चारशे, आणि पुन्हा काळा रंग, पुन्हा ट्यूब. पिंपातलं पाणी संपवतो म्हणून घरात बोलणी खाल्ली ती वेगळी.

पत्र्याऐवजी फायबर वापरायची कल्पना कुणा हौशी माणसाची नाही, हिशेबी माणसांची आहे. पत्र्याचा भाग छापायला पोलादी डाय लागते. तिचा खर्च लाखो भागांवर वाटला तरच परवडतो. फायबरचा साचा फायबरचाच होतो, स्वस्तात, थोड्या दिवसांत. मग शंभर-दोनशे नग काढायचे असोत की आपल्यासारखा एकच, गणित जमतं. जनरल मोटर्सनं १९५३ साली कॉर्व्हेट काढली तेव्हा पहिल्या वर्षी फक्त तीनशे गाड्या झाल्या, सगळ्या पांढऱ्या, सगळ्यांचं अंग फायबरचं. आपल्याकडे बंगळूरच्या सिपानी कंपनीनं १९८२च्या सुमारास डॉल्फिन आणली, इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून घेतलेली, तीही फायबरची. लहान कंपनीला पत्र्याच्या डाय झेपणाऱ्या नव्हत्या. पुढे मारुती ८०० आली आणि डॉल्फिन कुणाच्या लक्षातही राहिली नाही.

पण मला या सगळ्यांत सगळ्यात जवळची वाटते ती पूर्व जर्मनीची ट्राबांट. तिचं अंग काचेच्या धाग्याचं नव्हतं, कापसाचं होतं! तिकडे पत्र्याची टंचाई. म्हणून कापसाचा टाकाऊ कचरा फिनॉलच्या रेझिनमध्ये दाबून त्याचे दरवाजे, मडगार्ड केले. १९५७ ते १९९१ अशी ती गाडी निघत राहिली. जिथं घरटी कपाशी, जिथं जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल यांच्या भोंग्यांवर पिढ्या उठल्या-बसल्या, त्या खान्देशात ही गोष्ट कुणी शाळेत सांगत नाही, याचं मला कायम नवल वाटतं. कापूस काय नि काच काय, युक्ती एकच: धागा ताण घेतो, रेझिन त्याला जागेवर धरून ठेवतं. नुसतं रेझिन काचेसारखं फुटतं, नुसता धागा चिंधीसारखा लोंबतो.

धाग्याचे दोन प्रकार तुम्हाला लागतील. बारीक तुकडे विस्कटून दाबलेली ती मॅट, आणि ताण्याबाण्यात विणलेली ती रोव्हिंग. गिरणीत काम केलेल्या कुणालाही फरक हातात धरताच कळेल. मी जळगावला पहिल्यांदा माल आणायला गेलो तेव्हा रिक्षावाल्याला म्हटलं, मॅट कुठे मिळेल? त्यानं मला सरळ एमआयडीसीत चटईच्या कारखान्यासमोर नेऊन उभं केलं. त्याची चूक नाही. जळगाव प्लास्टिकच्या चटयांचं गाव; तिथं मॅट म्हटलं की चटई.

आबा मला त्याच फेरीत भेटले. अजिंठा चौफुलीच्या बाजूला एका शेडमध्ये ते कुलरची बॉडी करायचे. तुम्ही म्हणाल, कुलरचा नि ॲम्बेसेडरचा काय संबंध? आहे. खान्देशात गाड्यांचं फायबर करणारा माणूस शोधाल तर सापडणार नाही. फायबर करणारा शोधा. तो कुलरच्या शेडमध्ये असतो, ट्रॅक्टरच्या हुडाच्या कारखान्यात असतो, गणपतीचे साचे काढणाऱ्याच्या अंगणात असतो. आबांनी हे तिन्ही धंदे केले होते. मूर्तिकाराकडे ते साचा फोडायला शिकले, म्हणजे एकसंध आकार कुठे दुभागला तर तो न अडकता सुटेल ते. गणपतीची सोंड, कान, हात हे सगळे साच्यात अडकणारे भाग. त्यापुढे मडगार्ड म्हणजे पोरखेळ. तरी तेही अडकतं. चाकाच्या कमानीपाशी त्याची कड आत वळलेली आहे आणि दिव्याच्या वाटीची तर दोन्हीकडून कोंडी. मी एकसंध साचा घेणार होतो. आबांनी खडूनं नमुन्यावर एक रेघ ओढली, कमानीच्या कडेनं जाऊन दिव्याला वळसा घालणारी, आणि म्हणाले, इथं पत्र्याची भिंत उभी करा, एक बाजू भरा, मग भिंत काढून दुसरी. दोन्ही अर्धांना बाहेर दोन बोटं रुंद कड ठेवा, तिला भोकं पाडून बोल्ट लावा. भाग झाला की बोल्ट सोडायचे, साचा पुस्तकासारखा उघडतो. ती खडूची रेघ या पुस्तकातलं सगळ्यात महत्त्वाचं चित्र आहे. तिसऱ्या प्रकरणात ती मी चार बाजूंनी काढून दाखवलीय.

वजनाचा हिशेब विज्ञानाचा मास्तर म्हणून इथंच सांगून टाकतो. साडेचारशे ग्रॅमची मॅट, म्हणजे एका चौरस मीटरला तेवढं वजन, तिला साधारण दोन ते अडीच पट रेझिन लागतं आणि एका थराची जाडी मिलिमीटरभर येते. तीन थरांचा भाग एका चौरस मीटरला सव्वाचार-साडेचार किलो भरतो. ०.९ मिलिमीटर पत्रा तेवढ्याच जागेला सात किलो. म्हणजे जाडी तिप्पट, वजन दोन तृतीयांशाच्या आत. रेझिन जास्त ओतलं म्हणजे भाग मजबूत होतो असं वाटतं. होत नाही, जड आणि ठिसूळ होतो. रोलर फिरवून हवा काढा, जादा रेझिन पिळून काढा, मॅट ओली दिसली पाहिजे, पोहत असलेली नाही.

पुस्तकं सगळी थंड मुलखातल्या माणसांनी लिहिलेली. त्यांत लिहिलेलं असतं, हार्डनर घातल्यावर वीस-पंचवीस मिनिटं हातात असतात. असतील तिकडे. वैशाखात धुळ्याला पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो, शेडचा पत्रा तापून आत भट्टी होते, आणि वीस मिनिटांची पाच होतात. माझा पहिला मोठा घोळ याच्यातूनच झाला. सकाळी अकराला एकदम दोन किलो रेझिन भिजवलं. निम्मं लावून होतंय तोवर मगातलं रेझिन जेलीसारखं थरथरायला लागलं, मग घट्ट, आणि मग धूर. प्लास्टिकचा मग ओट्यावर वितळून बसला. आबा त्या दिवशी बरोबर होते. त्यांनी फावड्यानं तो मग उचलून अंगणातल्या मातीत टाकला आणि शांतपणे म्हणाले, "भो, हाई रेझिन कोनीच वाट दखत नही."

रेझिन घट्ट होताना स्वतःच उष्णता सोडतं. पसरलेलं असलं तर ती उडून जाते, मगात ढीग असला तर आतच साचते आणि वेग आणखी वाढवते. म्हणून उन्हाळ्यात हार्डनर भलतं कमी करून वेळ वाढवायचा मोह टाळावा. शेकडा एकच्या फार खाली गेलात तर भाग कधी धड पिकतच नाही, आतून कच्चा राहतो. कमी करायचं ते एका वेळचं रेझिन. पाव-पाव किलो भिजवा, पहाटे पाचला सुरू करा, उन्हं चढायच्या आत हात धुवा. उरलेलं मगातलं रेझिन कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. पावसाळ्यात काम करूच नका. हवेतली ओल मॅटमध्ये शिरते आणि भाग पांढरट, चिकट राहतो. खान्देशातला खरा हंगाम दिवाळीनंतरचा, भरिताच्या वांग्यांबरोबरचा. तेव्हाही पहाटे नको. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयातल्या नोंदी हिवाळ्यात पेपरात छापून येतात, पाच-सहा अंशांच्या. त्या थंडीत रेझिन तासन् तास ढिम्म बसून राहतं. ऊन अंगणात आलं की सुरू करा.

जेलकोट केव्हा तयार झाला हे घड्याळ सांगत नाही. बोट टेकवायचं. चिकट लागला पाहिजे, पण बोटावर काही आलं नाही पाहिजे. चिक्कीचा पाक करणाऱ्या बायकांना हे ज्ञान उपजत असतं. माझी आई दोनदा बोट लावून बरोबर सांगायची आणि मी तीनदा चुकलो. घाई करून ओल्या जेलकोटवर मॅट चढवली की रेझिन त्याच्यात शिरतं आणि दुधाच्या सायीसारख्या सुरकुत्या पडतात. त्या दिसतात केव्हा? साचा सुटल्यावर. कातडी आधी केल्याची ही किंमत.

एका बाबतीत मात्र चुकायची मुभा नाही. कोबाल्ट, म्हणजे रेझिन घट्ट होण्याला वेग देणारं रसायन, आणि हार्डनर या दोन बाटल्या एकमेकींच्या जवळ ठेवू नका, आणि काहीही झालं तरी एकमेकींत मिसळू नका. थेट मिसळल्या तर भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये घालून नीट ढवळायचं, मग वेगळ्यानं हार्डनर. दुकानात कोबाल्ट घातलेलंच रेझिन मिळतं, नवशिक्यानं तेच घ्यावं. हार्डनर डोळ्यात गेलं तर दृष्टी जाऊ शकते: चष्मा हवाच, आणि गेलंच तर आधी भरपूर पाणी, मग डॉक्टर. तोंडाला उपरणं बांधून रेझिनची वाफ अडत नाही, त्याला डबीचा मास्क लागतो. काचेची कूस अंगाला लागली तर गार पाण्यानं धुवा. गरम पाण्यानं अंघोळ करून मी एक रात्र बसून काढली आहे.

कुठे फायबर वापरू नये, हेही पुस्तकात आहे. गाडीचा भार पेलणारा कुठलाही भाग, चासीचे तुकडे, सीटबेल्ट जिथं बांधला जातो ती जागा, दरवाजाच्या बिजागऱ्यांखालचा खांब: तिथं पत्राच. सायलेन्सरजवळही नको, साध्या रेझिनचा ताठपणा साठ-सत्तर अंशांच्या पुढे ढिला पडू लागतो. आणि कायदा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं, की नोंदणीपत्रावरच्या मूळ तपशिलांपासून गाडी वेगळी करता येत नाही. मूळ आकाराचं मडगार्ड मूळ जागी बसवणं आणि जीपचं छप्पर उडवून भलतंच काही बनवणं, यात फरक आहे. मी पहिल्याबद्दलच लिहितोय. पन्नास वर्षं उलटलेल्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंद करायचा विचार असेल तर आणखी जपून. २०२१च्या त्या नियमांना गाडी मूळ रूपात लागते. तिथं आधी आरटीओत विचारा, मग रेझिनचा डबा उघडा.

ज्यांना पहिल्यांदाच हात घालायचाय त्यांनी ॲम्बेसेडरच्या वाटेला जाऊ नये. महिंद्राच्या जुन्या जीपचं मडगार्ड घ्या, जवळजवळ सपाट, एकसंध साच्यातून सुटणारं. खेड्यापाड्यात अजून एखादी सीजे-३बी निघतेच, उंच नाकाची. तिचं इंजिन उंच म्हणून बोनेट उंच, बाकी सगळं सुताराच्या पेटीसारखं सरळ.

आमचं डावं मडगार्ड अखेर पौषात निघालं. चिकटू नये म्हणून नमुन्यावर मेणाचे आठ हात दिले होते, साच्याला तेवढेच, वर सुटायचं पातळ पाणी. बोल्ट सोडले, कडेनं लाकडी पाचरी मारल्या, फटीत पाणी ओतलं. काही वेळ काहीच होईना. मग आतून कुठूनतरी कट् असा आवाज आला, मग लागोपाठ कट् कट् कट्, जशी उन्हात तुरीची शेंग फुटते. साचा उघडला. आबांनी वाकून पाहिलं, सुया टोचल्यासारखी चौदा भोकं मोजली आणि म्हणाले, चालतंय. मापात ते नेमकं बसलं. बोल्टांच्या जागी मी मॅटच्या थरांमध्ये लोखंडी पट्ट्या पुरल्या होत्या, कारण फायबरमध्ये आटा टिकत नाही.

रंग झाला, दिवा बसवला. संध्याकाळी नानांना बसवून देवपूरला चक्कर मारायला निघालो. उजवा दिवा लागला, डावा लागेना. बल्ब बदलला, फ्यूज बघितला, वायर तपासली. दिव्यापर्यंत करंट येत होता. अर्धा तास गेला. सर्किट पूर्ण झाल्याशिवाय विजेचा दिवा लागत नाही, हेही मी शाळेतच शिकवतो. ॲम्बेसेडरचा दिवा परतीचा करंट मडगार्डच्या पत्र्यातून पाठवतो, आणि ते मडगार्ड आता पत्र्याचं नव्हतं. नानांनीच शेवटी खाली उतरून मडगार्डवर बोटाच्या पेरानं ठोकलं. टण वाजायचं तिथं ठक वाजलं.

"अर्थिंग," ते म्हणाले, आणि डिकीतून वायरचा तुकडा काढून दिला.